हुक्केरी सरांना दहा 'हो' कमी पडतात

संध्याकाळी सहाच्या सुमारास तुमच्या दाराची कडी वाजली. दारात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला विभूती आणि काखेत छत्री असा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ उभा आहे. नमस्कार-चमत्कार झाल्यावर तो तुम्हाला गंभीरपणे विचारतो, "तुमच्यात मटणाच्या रश्श्यात साखर घालतात काय?" तर तुम्ही काय कराल?

दुसऱ्या गावात असाल तर हसून दार लावून घ्याल. कोल्हापुरात हे एवढ्यावर भागत नाही. इथे हा प्रश्न म्हणजे सरळ तुमच्या आईच्या हातावर घेतलेला संशय आहे. आमच्या मंगळवार पेठेत एक जण नुसत्या बनियनवर बाहेर आला आणि "कुणी सांगितलं तुमास्नी? नाव सांगा! आत्ताच्या आत्ता नाव सांगा!" म्हणून त्याने गल्ली डोक्यावर घेतली. प्रश्न विचारणारा गृहस्थ शांतपणे त्याचं संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "म्हणजे 'नाही' धरू न्हवं?"

हे आमचे हुक्केरी सर. स्वतः शुद्ध शाकाहारी. रस्सा तांबडा असतो आणि पांढरा असतो, एवढीच त्यांची त्या विषयातली जाण, आणि तीही ऐकीव.

सर मूळचे गडहिंग्लजकडचे. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. सगळी नोकरी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात गेली. तो विषय घेतलेली मुलं सरांना भीत आणि न घेतलेली त्यांना हसत. निवृत्त झाल्यावर सरांनी वर्ग बंद केला नाही. अख्ख्या पेठेला वर्गात बसवलं.

त्यांच्यासमोर कुणी 'सगळे', 'कुणीच', 'लोक म्हणतात' असलं काही बोललं की सरांचा एकच प्रश्न ठरलेला. "किती जणांस्नी विचारलंस?" माझी आत्या एकदा त्यांच्या देखत म्हणाली, "आजकालच्या पोरींना स्वयंपाकच नको असतो." सर म्हणाले, "किती पोरींस्नी विचारलंसा?" आत्या म्हणाली, "हिला एकटीला विचारलं तरी पुरे." सर माझ्याकडे वळून म्हणाले, "एकाचा नमुना. टाकून दे." आयुष्यात मला एवढ्या सन्मानाने कुणी टाकून दिलं नव्हतं.

एका मिसळच्या दुकानावर पाटी होती, 'कोल्हापूरकरांची सर्वांत आवडती मिसळ'. सर आत गेले आणि मालकाला विचारलं, "किती कोल्हापूरकरांस्नी विचारलं?"

"पावणं, खायची तर खावा."

"खातो की. पर विचारलं कुणाला?"

"हितं येत्यात त्यांस्नीच की! रोज विचारतो. सगळी चांगलीच म्हणत्यात."

"ज्यांस्नी आवडत न्हाई ती हितं येतील कशाला? त्यांस्नी विचाराय त्यांच्या घरी जाया पाहिजे."

"मी मिसळ करू का घरोघरी फिरू?"

"तुमी मिसळ करा. पाटी काढा."

पाटी निघाली नाही. सर मात्र तिथे दोन प्लेट मिसळ खाऊन आले आणि मला म्हणाले, "मिसळ उत्तम हाय. पण हे माझं एकट्याचं मत. टाकून दे."

माझं आणि सरांचं भांडण जुनं आहे आणि ते तत्त्वाचं आहे. माझे वडील कामगार चळवळीतले. मी पहिलं अक्षर पाटीवर गिरवलं नाही, पत्रकावर वाचलं. ते बहुधा 'धिक्कार'मधलं 'धि' असावं. त्यामुळे 'समस्त', 'संपूर्ण' आणि 'एकमुखाने' या शब्दांवाचून माझं वाक्य उभंच राहत नाही. गेल्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईना, तेव्हा मी पत्रक लिहिलं. मथळा होता: 'संपूर्ण पेठ पेटून उठली आहे!' सर शेजारी राहतात, शुद्धलेखन चांगलं आहे, म्हणून कच्चा मजकूर त्यांना दाखवायला नेला. ही चूक पुन्हा कुणी करू नये.

"संपूर्ण म्हणजे किती जणांस्नी विचारलंस, पत्रक?" सर मला पत्रकच म्हणतात.

"त्यात विचारायचं काय? नळ कोरडा आहे. दिसतंय सगळ्यांना."

"दिसतंय न्हवं. विचारलंस किती?"

"चहाच्या गाड्यावर बारा-पंधरा जण होते."

"त्यातलं चिडलेलं किती?"

"सगळेच्या सगळे!"

"मग तर तोंडच उघडू नको," सर म्हणाले आणि मला खुर्ची दिली. त्यांच्याकडे खुर्ची मिळाली की समजावं, तास सुरू झाला.

"बघ. पेठेतली शंभर माणसं आपण चिठ्ठ्या टाकून उचलली आणि त्यात चिडलेल्यांचं प्रमाण काढलं. उद्या दुसरी शंभर उचलली, परत काढलं. परवा तिसरी. दर खेपेला उत्तर थोडं हिकडं, थोडं तिकडं पडणार. पण अशा लई खेपा केल्या की त्या सगळ्या उत्तरांचा मिळून एक डोंगर होतोय. जोतिबाचा डोंगर लांबनं बघितलास? मध्ये उंच, दोन्ही अंगांस्नी सारखा उतार. खरं उत्तर मधोमध माथ्यावर बसलेलं असतंय, देवासारखं. एकदा डोंगराचा आकार कळला की मग आपण एकदाच विचारलं असलं तरी सांगता येतंय, आपण देवापासनं साधारण किती पायऱ्या लांब असू."

"मग झालं की, सर."

"झालं कुठं? त्याला अट हाय. नमुन्यात कमीत कमी दहा 'हो' पाहिजेत आणि दहा 'नाही' पाहिजेत. एक बाजू दहाच्या आत ऱ्हायली की तो जोतिबा न्हवं, गगनबावडा! एका अंगाला पठार आणि दुसऱ्या अंगाला कडा. तिथं जोतिबाचा हिशोब लावून चाललीस की थेट कोकणात."

जगभरच्या पुस्तकांत ही अट आकडेमोडीत लिहिलेली असेल. कॉलेजात मी ती पाठ करून विसरलेही होते. पण गगनबावड्याच्या कड्यावरून कोकणात पडायची भीती एकदा बसली की जन्मात जात नाही. सरांनी मग लाल पेनाने माझा मथळा दुरुस्त केला: 'पेठेतील काही नागरिकांना पाण्याबाबत नाराजी असण्याची शक्यता आहे.' हे वाचून क्रांती सोडाच, कुणी उठून नळसुद्धा बघायला गेलं नसतं. मी ते पत्रक जुन्याच मथळ्यासह छापलं. सरांनी त्याची एक प्रत घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जोतिबाचा डोंगर काढला.

सरांची पाहणी हे पेठेतलं रोजचं दृश्य. हळदीकुंकवात मिळालेली एक कापडी पिशवी, तिच्यात पेठेतल्या सगळ्या घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी सर स्वतः काढत नाहीत. "माणसाचा हात लबाड असतोय, आपल्या ओळखीच्याच घराकडं जातोय." पूर्वी चिठ्ठी काढायचं काम बाईंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं होतं. बाई गेल्यापासून मी काढते. ज्या घराचा नंबर निघेल, तिथेच सर जाणार. तिथे सरांशी न बोलणारा भाडेकरू असो, सुटं कुत्रं असो, तीन जिने असोत. घराला कुलूप असलं तर शेजाऱ्याला विचारून काम भागवणं नाही. "शेजाऱ्याचं उत्तर शेजाऱ्याचं. कुलूपवाल्याचं कुलूपवाल्याला म्हाईत." मग सर उद्या पुन्हा जाणार, परवा पुन्हा जाणार.

बाई होत्या तेव्हा सरांचे प्रश्न शहाण्यासारखे असत. चहात आलं घालता का? दुपारी झोपता का? निम्मे लोक हो म्हणत, निम्मे नाही म्हणत. थोडी घरं झाली की दोन्हीकडे दहा-दहा भरत, आणि सर संध्याकाळी घरी बसून बाईंना निष्कर्ष वाचून दाखवत. पुढे बाई गेल्या. मुलगी हुबळीला दिलेली, ती चार दिवस राहून गेली. आणि सरांचे प्रश्न हळूहळू बिघडत गेले. 'तुमच्या घरात जोतिबाला कधीच न गेलेलं कुणी आहे काय?' असा एक प्रश्न निघाला. कोल्हापुरात असा माणूस शोधायचा म्हणजे आधी तो बाहेरून आणायला हवा. त्यानंतर, लाल तिखटाच्या चटणीशिवाय चुरमुऱ्यांना कुणी भडंग म्हणतच नाही अशा गावात, 'तुमच्यात कुणी चटणी न घालता भडंग खातं काय?' आणि मग हे साखरेचं प्रकरण.

मला सरांचा राग यायचा तो इथे. दाराबाहेर गटार तुंबलंय, नळ कोरडा आहे, आणि विद्वान माणूस रश्श्यातली साखर मोजतोय! मी एकदा स्पष्टच म्हणाले, "सर, एवढे दारोदार फिरता, तर पाण्याबद्दल विचारा की. माझ्या पत्रकाला आधार होईल."

"पाण्याचं काय," सर म्हणाले, "दोन गल्ल्यांत दहा-दहा भरतील. लगेच संपंल."

मी त्यावर घरी जाऊन आईजवळ मध्यमवर्गीय बुद्धिजीवींच्या पलायनवादावर बरंच बोलले. आई ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "व्हय, व्हय."

तर या साखरेपायी मध्यंतरी सरांवर बालंट आलं. गल्लीच्या टोकाला एक नवं जोडपं भाड्याने राहायला आलं आहे. दोघंही कामावर जातात, घराला दिवसभर कुलूप. आणि मी नेमकी त्याच घराची चिठ्ठी काढलेली. सर रोज संध्याकाळी जाऊन कुलूप बघून येऊ लागले. त्या पोरीला समोरच्यांनी सांगितलं, एक म्हातारा रोज तुमचं कुलूप बघून जातोय. एक दिवस ती लवकर आली, तर सर दारात. आणि दारात येऊन ते विचारतात काय, तर रश्श्यात साखर घालता का! पोरगी घाबरली. तिने तालमीत जाऊन तक्रार केली.

तालीम म्हणजे आमच्या पेठेचं उच्च न्यायालय. रविवारी सकाळी बैठक लागली. मारुतीच्या तसबिरीखाली, मुद्गल आणि वजनं एका बाजूला सारून, सतरंजीवर पेठ बसली. अध्यक्ष बापू, एके काळचे पैलवान. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो, हे अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. सर एका कडेला छत्री मांडीवर आडवी घेऊन बसले होते.

"सर, तुमच्याबद्दल आमास्नी आदर हाय," बापू म्हणाले. त्यांचा आदर पलीकडच्या पेठेपर्यंत ऐकू गेला. "पर दिवस कसलं हायती बघा की. लोक दारावरच्या माणसाला भित्यात. उद्या कुणी न कळत अंगावर धावून आलं म्हंजे? तवा हे दार वाजवायचं बंद करूया."

सरांचा चेहरा परीक्षेचा पेपर हातातून काढून घेतलेल्या मुलासारखा झाला होता. मी मात्र उठले. समोर अन्याय आणि बसायला सतरंजी असली की मला उठावंच लागतं. "हा एका माणसाचा प्रश्न नाही," मी म्हणाले. "हा वैज्ञानिक दृष्टिकोनावरचा हल्ला आहे! समस्त पेठेने एकमुखाने..."

"तायडे, खाली बस. हल्ला-बिल्ला काय न्हाई. त्यांचं काम थांबवतंय कोण? मी त्यांचं काम मोबाईलवर करून देतो." आणि बापूंनी तिथल्या तिथे पेठेच्या ग्रुपवर सरांचा प्रश्न टाकला. खाली दोन उत्तरं: घालतो, घालत नाही. ज्याने त्याने आपापलं बोट दाबायचं.

पेठेने बोटं दाबली. कुस्तीच्या निकालाला येत नाहीत एवढी उत्तरं त्या दिवशी आली. कुणी शिव्या दिल्या, कुणी साखरेच्या पोत्याचा फोटो टाकला, कुणी आपल्या साडूचं नाव घेऊन "हा घालतो" म्हणून जाहीर केलं. संध्याकाळी बापू मोबाईल उंच धरून सरांच्या दारात आले. मी तिथेच होते.

"सर, सुटला तुमी! 'न्हाई' तर ढिगानं हायती. पर 'हो' बी दहाच्या वर गेल्यात. दोन्हीकडं दहा-दहा. तुमचा जोतिबा झाला!"

सरांनी चष्मा लावून मोबाईल बघितला. बराच वेळ बघितला.

"बापू, हे चालत न्हाई."

"का वो?"

"ही सगळी आपणहून बोललेली. आपणहून बोलणारी माणसं निराळी असत्यात. मी न्हाई विचारलं तरी ती बोलतीलच. मला चिठ्ठीत निघालेला माणूस पाहिजे. न बोलणारा निघाला, तर त्यालाच बोलतं करायचं असतंय. त्याला वेळ लागतोय. बसाय लागतंय. चहा येतोय, मग कुठं..."

"सर," बापूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. त्यात टोमणा नव्हता, खरंच न कळल्याचा भाव होता. "तुमास्नी उत्तर पाहिजे, का दार वाजवाय पाहिजे?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. बापूंनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं. मग बापू "बरं, येतो" म्हणून निघून गेले. तेही, माझ्या आठवणीत प्रथमच, न ओरडता.

घरी येऊन मी हिशोब मांडला. सरांनीच शिकवलेला. समजा, शंभरात एखादंच घर रश्श्यात साखर घालत असेल, तर दहा 'हो' मिळायला हजारभर घरं पालथी घालायला लागतील. रोज एक-दोन घरं, कुलूपवाल्यांच्या वेगळ्या खेपा. जोतिबाला न गेलेल्यांचंही तेच, भडंगाचंही तेच. संख्याशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा असा प्रश्न टाळील. एक बाजू दहापर्यंत कधी पोचायचीच नाही, असा प्रश्न जन्मभर तो विषय शिकवलेल्या माणसाला चुकून सुचत नाही. एकदा सुचेल. सलग तीनदा नाही सुचत. सर साखर शोधत नव्हते. पाहणी संपू नये, एवढ्याचीच त्यांनी शास्त्रशुद्ध तजवीज केली होती. आणि मी त्याला पलायनवाद म्हणत होते.

दोन दिवस सर बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गेले, तर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले.

"साखर गेली, पत्रक," ते म्हणाले. "सगळ्यांनी एकमेकांची उत्तरं वाचली. आता विचारण्यात अर्थ न्हाई."

"मग नवा प्रश्न घ्या."

"कुठला घेऊ? पाण्याचा?"

पाण्याचा प्रश्न जिभेवर होता, खोटं कशाला बोलू. पण मी म्हणाले, "असं विचारा: तुमच्या घरात हळू आवाजात बोलणारं कुणी आहे काय?"

"कोल्हापुरात?"

"कोल्हापुरातच."

सर आधी हसले. "अगं, हितं माणूस कानात गुपित सांगतंय ते चौकात ऐकू येतंय. दहा 'हो' भराय जन्म जाईल!"

"जाऊ दे की."

सर हसायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. शेवटच्या बाकावरून अचानक बरोबर उत्तर आलं की मास्तर बघतात, तसे. मी काय ते ओळखलंय, हे त्यांनी ओळखलं. ते पिशवीची नाडी ओढत होते, सोडत होते.

"आमच्यात एक होती," सर म्हणाले. "भाजी झाली म्हणून सांगायला स्वयंपाकघरातनं उठून माझ्याजवळ यायची. तिथनं हाक मारली असती तर मला ऐकूच आली नसती." मग नाडी सोडून ते म्हणाले, "पण ती आता नमुन्यात धरता येत न्हाई."

आणि त्यांनी पिशवी माझ्यापुढे केली. "काढ."

मी जाऊन बापूंना नवा प्रश्न सांगितला. बापू दारातूनच गरजले, "हळू बोलणारं? आमच्यात कोण न्हाई!" मग बहुधा त्यांच्याही काही लक्षात आलं असावं. संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा निरोप होता: 'सर पाहणीला येतील. सगळ्यांनी ओळख ठेवावी. कुणीही उत्तर ग्रुपवर टाकू नये. टाकल्यास तालमीत बोलावण्यात येईल.' त्या भाड्याच्या घरातल्या पोरीकडे बापू स्वतः जाऊन आले. आता ती कुलूप लावून जाताना समोरच्यांकडे सांगून जाते, सर आले तर थांबवा म्हणून.

मी आजवर प्रत्येक पत्रकाच्या शेवटी 'प्रचंड संख्येने उपस्थित राहा' असं लिहीत आले. या वेळी मागणं उलटं आहे. तुमच्या घराची चिठ्ठी निघाली, तर संध्याकाळी जरा घरी राहा. तुमच्या गल्लीतही असा कुणी कसलातरी प्रश्न घेऊन फिरत असेल, तर त्याच्यासाठी राहा. स्वयंपाकघरातून ओरडून उत्तर देऊ नका. त्याला आत घ्या, खुर्ची द्या, घरातल्या सगळ्यांना बोलवा, प्रत्येकाचा आवाज नीट ऐका आणि मग ठरवा. घाई अजिबात करू नका. आणि खरोखरच तुमच्यात असं कुणी हळू बोलणारं निघालं, तर 'हो' तुम्ही म्हणू नका. तिलाच म्हणू द्या.